धबधब्याला कुलूप

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, रंध्याचं रद्द. धबधब्यांवर बंदी येणारसं दिसतंय. आणि खरं सांगू का, बंदी हवीच." तो फोन ठेवून मोकळा झाला, माझं डोकं मात्र तेव्हापासून तापलंय. म्हणून हा लेखनप्रपंच.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात लहान मुलं होती. ती चित्रफीत मी एकदाच पाहिली, पुन्हा बघवली नाही. "मस्ती नडली" म्हणणाऱ्यांचा मला तेव्हाही राग आला होता. पाणी चढतंय हे ओळखायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलं होतं? आम्ही मास्तरांनी 'दख्खनचे पठार लाव्हारसापासून बनले' एवढं घोकून घेतलं, दोन गुण दिले आणि पुढचा धडा काढला.

तेच वाक्य प्रवरेकाठी उभं राहून शिकवायला हवं होतं. रतनगडाच्या कुशीतून निघालेली ही नदी भंडारदऱ्याच्या धरणात अडते आणि खाली रंध्याला सुमारे १७० फूट कोसळते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत, कुठे कठीण, कुठे मऊ. मऊ थर आधी झिजतो, वरचा कठीण तसाच पुढे राहतो. म्हणजे ज्या कड्यावर आपण फोटोला उभे राहतो त्याच्या पोटात पोकळी असू शकते. भोवऱ्यात फिरणारे गोटे याच खडकात रांजणखळगे कोरतात. घोटाभर वाटणाऱ्या पाण्यात पुरुषभर खड्डा निघतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाचोळा येऊ लागला की वर पाऊस झालाय, बाहेर पडायचं. धरणातून पाणी सोडलं तर डोक्यावर ऊन असतानाही नदी फुगते. हे सगळं सांगायला एक तास पुरतो.

मी स्वतः शिकलो तो फजितीतून. १९८१ च्या सहलीत रतनवाडीच्या ओढ्यात नववीतल्या एका मुलाचा पाय खळग्यात मांडीपर्यंत गेला. माझा टॉवेल आणि दोन दांडगी पोरं, यांच्या जोरावर तो निघाला. मी तेव्हा काठावर चहा पीत होतो. त्याच्या आईनं मला एका शब्दानं जाब विचारला नाही. ते अजून बोचतं.

अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी रस्ता जरूर बंद करा, दारूच्या बाटल्या नाक्यावरच काढून घ्या. पण सरसकट बंदी म्हणजे मुलाला गणित जमत नाही म्हणून विषयच रद्द करणं! लोक थांबत नाहीतच. आडवाटेनं अनोळखी ओढ्यात उतरतात, जिथे ना दोर ना माणूस. इकडे भजी-चहाच्या टपऱ्यांवर पावसाळ्याचे दोन पैसे मिळवणारी गावातली माणसं रिकामी बसतात. त्यांच्यातल्याच पोरांना पगार द्या, हातात दोर आणि शिट्टी द्या. खडक न् खडक त्यांच्या पायाखालचा आहे.

असो. भाचेबुवा, हे वाचत असशीलच. बंदी अजून आलेली नाही. इशारा नसेल तर शनिवारी सकाळी सहाला निघू. पोरांच्या पायात बूट हवेत, चपला नकोत. आणि मोबाईल गाडीत.