यंत्र दिलं, बॅटरीचं काय?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या चौथीतल्या एका मुलीला केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून श्रवणयंत्र मोफत मिळालं. फार चांगलं झालं. पण त्यातली बटणाएवढी झिंक-एअर बॅटरी आठवड्या-दोन आठवड्यांत संपते. आमच्याकडे ती मिळत नाही. शहरातून आणायची तर बापाची मजुरी बुडते. मग यंत्र डबीत जातं आणि पोरगी पुन्हा माझ्या ओठांकडे टक लावून बसते. मी फळ्याकडे वळले की तिचा धडा तिथंच तुटतो.

शिवाय मुलांचा कान वाढतो. कानात बसणारा साचा सैल झाला की यंत्र शिट्टी मारतं, वर्ग हसतो, ती ते काढून ठेवते.

वाटपाचं शिबिर होतं, पण पुढच्या वर्षांची तरतूद कुठंय? जूनमध्ये पाठ्यपुस्तकांबरोबरच वर्षभराच्या बॅटऱ्या द्या. वरचं स्टिकर काढेपर्यंत त्या चांगल्या टिकतात, त्यामुळे साठवणीची सबब चालणार नाही. आणि कानाचं माप घेणारा तंत्रज्ञ दर तिमाहीला ठरलेल्या दिवशी गट साधन केंद्रात बसवा.