आरसा गेला, हप्ता आला

"मामा, डीएसएलआर मेलाय आता. तू कुठल्या जगात राहतोस?"

परवा साताऱ्याहून भाचीचा फोन. पोरीला नोकरी लागून सात महिने झालेत, पगार १८ हजार. शनिवार-रविवार एका ओळखीच्या फोटोग्राफरबरोबर लग्नांना जाते, त्याचा जुना कॅमेरा वापरते. आता स्वतःचा हवा. दुकानदाराने मिररलेस बॉडी आणि लेन्स असं १ लाख ६० हजारांचं प्रकरण गळ्यात मारायचं ठरवलंय. हप्ता साडेसात हजार, दोन वर्षं. मी म्हटलं, जुना डीएसएलआर घे. त्यावर वरचं वाक्य.

आता मेला म्हणजे काय, ते तरी बघू. पॅनासोनिकने २००८ साली पहिला मिररलेस आणला तेव्हा लोक हसले होते. २०१३ मध्ये सोनीचा ए-७ आला आणि हसू थांबलं. २०१८ मध्ये कॅनन आणि निकॉन दोघेही फुल फ्रेम मिररलेस घेऊन त्या पंगतीत जाऊन बसले. दोघांचेही शेवटचे नवे डीएसएलआर २०२० सालचे. पेन्टॅक्स तेवढा बापडा आरसा धरून बसलाय. म्हणजे कंपन्यांनी नवं काही काढायचं थांबवलं, हे खरंच. पण त्यामुळे आधी विकलेले कॅमेरे रातोरात आंधळे झाले काय? चेतक स्कूटर बनायची बंद झाली त्यानंतरही आमच्या गल्लीतले काका कित्येक वर्षं तिच्यावरून दळण आणत होते. कंपनीची चिंता आपण आपली मानून हप्ते भरायचे, हे मला कळत नाही.

उलट बंद पडलं म्हणून तर स्वस्त झालं! निकॉन डी-७५० हा २०१४ चा कॅमेरा. फुल फ्रेम, २४ मेगापिक्सेल. २०१८ चा त्यांचाच मिररलेस झेड-६, तोही फुल फ्रेम, तोही २४ मेगापिक्सेल. लग्नाच्या अल्बममध्ये दोघांचे फोटो शेजारी लावा आणि नवरीच्या आईला विचारा कुठला कशाचा. ती फक्त आपली पैठणी नीट आलीय का बघेल. आणि डी-७५० आज वापरलेला, ५० हजारांच्या आतबाहेर मिळतो.

बॅटरीचं तर कुणी बोलतच नाही. डीएसएलआरमध्ये प्रकाश आरशावर आपटून प्रिझममधून सरळ डोळ्यात येतो. तोवर सेन्सर झोपलेला असतो. मिररलेसमध्ये तुम्ही नुसतं बघत असलात तरी सेन्सर आणि स्क्रीन दोन्ही राबत असतात. जपानच्या सीपा या संस्थेच्या चाचणीत डी-७५० एका चार्जिंगला १२३० फोटो देतो, झेड-६ देतो ३१०. प्रत्यक्षात दोन्ही जास्त देतात, पण हळदीपासून वरातीपर्यंत उभं राहायचं तर दोन-तीन जादा बॅटऱ्या घ्याव्याच लागतात. त्या काही फुकट येत नाहीत.

असो. आरशातून बघण्यात काहीतरी अध्यात्म आहे असं मानणारी एक जमात आहे, मी त्यातला नाही. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात भिगवणला गेलो होतो. माझ्या होडीत एक मित्र मिररलेस घेऊन. फ्लेमिंगो उडाले. त्याचा कॅमेरा पक्ष्याचा डोळा धरून बसला होता. माझा कधी पाणी धरायचा, कधी पंखाचं टोक. घरी येऊन बघतो तर माझ्याकडे धड चार फोटो. पक्षी टिपायचे असतील, नाटकाच्या प्रयोगात आवाज न करता फोटो काढायचे असतील किंवा व्हिडिओवर पोट असेल तर जरूर मिररलेस घ्या, मी वाद घालणार नाही. डीएसएलआरचा फोकस कधीकधी जरा पुढे-मागे पडतो, तो जुळवावा लागतो, हेही मान्य.

भाचीने नेमकं तेच पकडलं. "मामा, हल्ली लोकांना रील हवे असतात." बरोबर आहे तिचं. डी-७५० चा ऑटोफोकस व्हिडिओत रडतखडत चालतो. पण व्हिडिओला तिच्या त्या फोटोग्राफरने वेगळा मुलगा ठेवलाय, आणि तिला बोलावतात ते फोटोंसाठी. म्हणजे जे काम तिच्याकडे आलेलंच नाही त्याचा हप्ता ती आजपासून भरणार. साडेसात हजार गेल्यावर हातात साडेदहा. त्यात खोलीचं भाडं, एसटीचा पास, आणि घरी धाडायचे ते. मग एखादा रविवार सुटीचा घ्यावासा वाटला तरी घेता येणार नाही, कारण कॅमेऱ्याचा हप्ता फेडायला लग्न शोधावंच लागेल. छंद म्हणून सुरू झालेल्या गोष्टीचं असं व्हावं, याचा मला राग येतो. दुकानदाराला काय, त्याचा माल गेला.

येत्या रविवारी ती पुण्याला येतेय. एकाकडे डी-७५० बघायला जायचंय. त्याचं शटर दीड लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. किती झालेत ते फोटोच्या फाइलमधून कॉम्प्युटरवर कळतं, म्हणून तिला स्वतःचं मेमरी कार्ड आणायला सांगितलंय. ऐंशी हजारांच्या वर निघाले तर नाही घ्यायचा, असं ठरलंय. हप्त्याचा फॉर्म मात्र तिने अजून फाडलेला नाही. पर्समध्येच आहे म्हणाली.