फिश टँक आणि पहिले शील



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारी विहारातून वंदना आटोपून आम्ही घरी आलो, तर टाकीतला मासा तळाशी आडवा पडलेला. अंगावर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. झेब्रा लोच जातीचे तीन मासे मी मोठ्या हौसेने आणले होते. दोन आधीच गेले होते, हा तिसरा. मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने विचारले, "पप्पा, आताच आपण जीवहिंसा करणार नाही असे म्हणून आलो ना? मग हे मासे कोणी मारले?"

मी गप्प राहिलो. खरे उत्तर असे होते की, ते माझ्या अज्ञानाने मेले. अनेक घरांत आता फिश टँक असतो. म्हणून ही चूक आणि तिच्यापासून शिकलेले आज आपल्यापुढे ठेवतो.

खेड्यात वाढलेल्यांना ओढ्यातल्या मुऱ्या ठाऊक असतील. लोच हे त्याच गोताचे मासे. अंग लांबट, तोंडाशी मिशा, राहणे तळाशी. दिवसा दगडाच्या आडोशाला आणि अंधार पडला की फिरतीवर. यांच्या अंगावर खवले अगदी बारीक असतात किंवा नसतातच. त्यामुळे मीठ आणि औषध यांना इतर माशांपेक्षा जास्त बाधते. मी मात्र बाटलीवर लिहिलेला पूर्ण डोस टाकला होता. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका सूक्ष्म परजीवीमुळे होतो. तो माशाच्या कातडीत असेपर्यंत औषध त्याला लागू पडत नाही. तो गळून तळाशी जातो, तिथे त्याची शेकडो पिल्ले होतात आणि ती पाण्यात पोहू लागली की मगच औषध काम करते. म्हणून लोच असतील तर पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत गरम करावे, औषध निम्मे द्यावे, हवेचा पंप चालू ठेवावा आणि ठिपके गेल्यावरही काही दिवस उपचार थांबवू नये.

दुसरी चूक याहून मोठी. टाकी आणली त्याच दिवशी मी मासे सोडले होते. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे यांतून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट व नंतर कमी घातक असे नायट्रेट करणारे जीवाणू वाळूत आणि फिल्टरमध्ये वाढावे लागतात. त्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकी माशांविना चालवावी, रोज चिमूटभर खाणे टाकावे आणि धीर धरावा. पाणी दिसायला स्वच्छ असले म्हणजे ते माशाला मानवते असे नाही.

टाकी किमान दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असावी. तीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. तळाला बारीक, गोलसर वाळू घालावी. धारदार खडीने मिशा झिजतात आणि मग माशाला अन्न शोधता येत नाही. लपायला फुटक्या मडक्याचे तुकडे पुरतात. झाकण घट्ट हवे, कारण लोच उडी मारून बाहेर पडतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते बादलीत २४ तास उघडे ठेवून मग वापरावे. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. खाणे तळाशी बसणारे द्यावे आणि दिवा मालवल्यावर द्यावे. लोच एकटा आणू नये. पाच-सहा जणांच्या सोबतीने तो निर्धास्त राहतो.

आता कोणता लोच आणावा? माझा मेलेला झेब्रा लोच आपल्याच पश्चिम घाटातला, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या नद्यांतला. शिमोग्याजवळच्या तुंगा नदीतल्या माशांवरून सी. आर. नारायण राव यांनी १९२० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. आज तो संकटग्रस्त जातींच्या लाल यादीत आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून शोभेसाठी निर्यात झालेल्या संकटग्रस्त माशांचा अभ्यास झाला, त्यातही त्याचे नाव आले. घरच्या टाकीत तो सहसा अंडी घालत नाही. म्हणजे दुकानातला झेब्रा लोच बहुधा नदीतून उचललेला असतो. हे कळल्यापासून मी तो पुन्हा आणला नाही.

पुढे रिकामी टाकी दोन महिने चालवून मी सहा कुहली लोच आणले. हा आग्नेय आशियातला, चार इंचांचा, गांडुळासारखा मासा. पिवळसर अंगावर काळे पट्टे असतात. तोही पुष्कळदा ओढ्यातूनच पकडून येतो. पण तो घरी वाढतो, हा मोठा फरक. आमच्या टाकीत तेव्हा तळाखाली जाळीची फिल्टर-प्लेट होती. दीड वर्षाने ती धुवायला उचलली, तर खाली दोऱ्याएवढी चार पिल्ले! मोठ्या माशांच्या तोंडापासून दूर, अंधारात ती वाढली होती. मुलगी तेव्हा नववीत गेली होती. त्या दिवशी तिने शाळेची वही काढून तारीख लिहून ठेवली.

मुद्दाम प्रयत्न करायचा तर असे करावे. नराचे छातीजवळचे पर रुंद आणि जाड असतात. मादी पोटाने भरते आणि आतली हिरवट अंडी कातडीतून दिसू लागतात. अशी जोडी वेगळ्या, उथळ टाकीत ठेवावी. पाणी मृदू, उजेड मंद आणि वर तरंगत्या वनस्पतींची दाटी हवी. अंडी त्या मुळांत विखुरली जातात. आईबाप ती खातात, म्हणून अंडी दिसताच त्यांना बाहेर काढावे. सुमारे एका दिवसात पिल्ले निघतात. आधी त्यांना वाळका पाला कुजवलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव द्यावेत, नंतर आर्टेमियाची नुकती निघालेली पिल्ले.

पिल्ले वाढली तेव्हा आजी म्हणाली, "नदीत सोडून द्या, पुण्य लागेल." हा विचार फक्त आपल्याकडचा नाही. चीन, तैवान, कोरियातल्या बौद्धांत जीव सोडण्याची प्रथा आहे आणि त्यात लोच हा नेहमीचा मासा. पण सोडण्यासाठी म्हणून व्यापारी आधी ते पकडतात, वाटेत कित्येक मरतात आणि परक्या पाण्यात गेलेले तिथल्या माशांच्या जिवावर उठतात. पुण्य माणसाच्या खाती आणि मरण माशाच्या, असा हा व्यवहार. टाकीतला मासा कधीही नदी-तलावात सोडू नका. आम्ही पिल्ले शेजारच्या दोन घरांत दिली, पण त्यांच्या टाक्या तयार झाल्यावरच.

बाबासाहेबांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेला नियम नव्हे, तत्त्व मानले आहे. नियम निमूट पाळायचा असतो; तत्त्व आपल्याला विचार करायला लावते. मुलीच्या प्रश्नाला माझे आजचे उत्तर हे: जीव घरात आणायचा तर आधी त्याच्याविषयी शिकायचे. शिकायला वेळ नसेल तर आणायचा नाही. नुसता जीव न मारणे एवढ्यावर पहिले शील संपत नाही. आपल्या हाती आलेल्या जिवाची जबाबदारीही त्यात येते.

आपले अनुभव जरूर लिहून पाठवा. जयभीम!