लोकशाहीच्या पंढरीतले बडवे

अमेरिकन लोकशाहीचे गोडवे गाणाऱ्यांनी एक साधा हिशेब मांडून पाहावा. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून अधिक मतांची आघाडी होती. अध्यक्ष झाले डोनाल्ड ट्रम्प. २००० साली अल गोर यांच्या वाट्याला हेच आले. तेथे अध्यक्ष निवडते ती जनता नव्हे, ५३८ जणांचे निर्वाचक मंडळ. दोन राज्ये वगळता सर्वत्र, एका मताने पुढे असलेल्याच्या पदरात त्या राज्याचे सगळे निर्वाचक पडतात. म्हणूनच २०२४ मध्ये थैलीशहांचा पैसा मुख्यतः सात दोलायमान राज्यांत ओतला गेला. न्यूयॉर्कमधील कामगाराचे मत मागायला कोण कशाला जाईल?

लहान राज्यांना संरक्षण हवे, असा या पद्धतीचा बचाव केला जातो. त्यासाठी सिनेट आहेच! खरे मूळ १७८७ च्या फिलाडेल्फियात आहे. गुलामांना मत नव्हते. पण पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असे धरून दक्षिणेतील मळेवाल्यांच्या राज्यांना प्रतिनिधी मिळत आणि त्या प्रमाणात निर्वाचकही. थेट निवडणुकीत हा लाभ बुडाला असता. गुलामगिरी १८६५ मध्ये गेली, मंडळ राहिले. १९६९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ते मोडीत काढणारी घटनादुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी संमत केली. पुढच्याच वर्षी सिनेटमध्ये लांबलचक भाषणे ठोकून ती अडवण्यात आली, आणि अडवणाऱ्यांच्या अग्रभागी होते दक्षिणेचेच सिनेटर.