पाणी भरणारीला मागे ठेवू नका



होळी झाली, रंगपंचमी झाली, की लगेच येते फाल्गुन वद्य षष्ठी, पैठणची नाथषष्ठी. षष्ठीपासून अष्टमीपर्यंत गोदाकाठी दिंड्या, पताका आणि टाळमृदंग यांची दाटी असते. अष्टमीला काल्याची हंडी फुटते आणि यात्रा उलगते. या तीन दिवसांना शनिवार-रविवार लागून आला, तर पोरांची शाळाही बुडत नाही. हरभरा घरात आलेला असतो. दोन दिवसांची सवड काढली तर निघते.

पण एक विचारतो, रागावू नका. दरवर्षी जाते कोण? घरधनी जातो, म्हातारी माणसे जातात, एखादे पोर हट्टाने मागे लागते. घरची बाई मात्र म्हशीच्या धारेसाठी घरीच राहते. तिच्या वाट्याला येते प्रसादाची पुडी.

आता पैठणला काय पाहायचे ते ऐका. गावातल्या नाथवाड्यात एक रांजण आहे. श्रीखंड्या नावाचा गडी होऊन देवाने एकनाथ महाराजांच्या घरी बारा वर्षे पाणी भरले, अशी कथा आहे. तुकाराम बीजेपासून हा रांजण भरू लागतात. भाविक आपल्या हाताने त्यात पाणी ओततात. तो भरून वाहिला, की श्रीखंड्या येऊन गेला असे मानतात. देवाने पाणी वाहिले म्हणून आपण तिथे माथा टेकतो. तेच काम रोज करणारीने तो रांजण कधी पाहूच नये, हे बरे दिसते का? तिच्या हातचा एक तांब्या त्यात पडू द्या.

मग नदीकाठी नाथांच्या समाधीला जा. शके १५२१ मध्ये याच तिथीला त्यांनी देह ठेवला. तहानलेल्या गाढवाला त्यांनी कावडीतले गंगाजल पाजले, ती गोष्ट पोरांना तिथेच सांगा. ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, असे ज्या ठिकाणाविषयी सांगतात तो नागघाटही दाखवा. हेच गाव दोन हजार वर्षांपूर्वी प्रतिष्ठान म्हणून सातवाहनांची राजधानी होते, हेही कानावर घाला.

गर्दीतून बाहेर पडलात की जायकवाडी धरण पाहा. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते लोकांना अर्पण झाले. सत्तावीस दरवाजे आहेत. या नाथसागराने मराठवाड्यातली कितीतरी रानं भिजवली, आणि कितीतरी गावांची रानं पोटात घेतली. दोन्ही गोष्टी पोरांना कळू द्या.

पैठणीचा माग चालताना पाहायला मिळाला तर चुकवू नका. घेतलीच पाहिजे असे नाही. पदरावर मोर कसा उतरतो ते पाहणेही मोठे आहे.

आता राहिली म्हैस. पेरणीला, खुरपणीला आपण सावड करतो ना? मग धारेलाही करा. यंदा शेजारणीने तुमची जनावरे पाहावीत, पुढच्या जत्रेला तुम्ही तिची पाहा. आठ दिवस आधी तिला हात लावू द्या, म्हणजे म्हैस बिथरणार नाही. भाड्याची सबबही सांगू नका. २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धेच तिकीट आहे.

लहान पोरांच्या खिशात नाव, गाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. नदीत खोल उतरू नका. आणि शिदोरी आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून बांधा. नाहीतर जत्रेला निघायचे म्हणून तिलाच पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापाव्या लागतील.