नियम पाळले, दार मात्र बंद

सरकारी कचेरीच्या खिडकीपुढील रांग संपली, सेवा आता घरबसल्या मिळेल, असे आश्वासन नागरिकांना वर्षानुवर्षे दिले जात आहे. सातबारा, दाखले, शिष्यवृत्ती, बँकेचे खाते असे अनेक व्यवहार संकेतस्थळांवर गेले आहेत. रांग कमी झाली हे खरे. परंतु खिडकीपलीकडच्या माणसाला हटकून विचारण्याची जी सोय अंध नागरिकाला निदान होती, तीही तिच्याबरोबर हिरावली जात आहे. २०११च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या. त्यांपैकी ५० लाखांहून अधिक दृष्टिबाधित होत्या. हा प्रश्न मूठभरांचा नव्हे.

कायदा नाही असेही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला. पण त्याखालील २०१७च्या नियमांतील पंधरावा नियम सक्तीचा नसून शिफारशीच्या स्वरूपाचा होता. सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करण्यास केंद्र सरकारला सांगितले. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाचाच भाग असल्याचा निर्वाळा न्यायालयाने दिला. ॲसिडहल्ल्यात चेहरा आणि डोळे गमावलेल्यांना ओळख पटविण्यासाठी पापणी मिटून दाखविण्यास सांगणारी यंत्रणा त्या खटल्याच्या मुळाशी होती. यंत्राने माणसाची परीक्षा घ्यावी आणि नापास झालेल्याने नागरिकत्वाच्या बाहेर उभे राहावे, असा हा न्याय!

हक्क कागदावर मिळाला. तो प्रत्यक्षात कुठे अडतो हे समजून घेतले पाहिजे. पूर्वी संकेतस्थळाचा सर्व्हर तयार मजकूर पाठवीत असे. ब्राउझर तो दाखवी आणि अंधांचा स्क्रीन रीडर तो वाचून दाखवी. आज अनेक संकेतस्थळे जवळजवळ कोरे पान आणि जावास्क्रिप्टचा मोठा भारा पाठवतात. त्या भाऱ्यातून पान उभे करण्याचे काम नागरिकाच्या फोनने करायचे असते. फोन जुना असला वा खेड्यातले जाळे क्षीण असले, तर पान कोरेच राहते. ते उभे राहिले तरी बटणासारखा दिसणारा रंगीत चौकोन खरे बटण असतोच असे नाही. माउसने तो दाबता येतो. कळफलकाने त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही आणि स्क्रीन रीडरला त्याचे नाव कळत नाही. चूक झाल्याची सूचना लाल अक्षरांत उमटते, पण कानांवर पडत नाही. तेवढ्यात मुदत संपून अर्ज पहिल्यापासून भरावा लागतो.

१९९९ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हा स्क्रिप्ट बंद असतानाही पान वापरता आले पाहिजे, अशी अट त्यांत होती. २००८च्या दुसऱ्या आवृत्तीत ती उरली नाही. त्यामागे कारण होते. स्क्रीन रीडर सुधारले होते, आणि नीट लिहिलेली स्क्रिप्ट अंधांना साहाय्यभूतही होते. स्क्रिप्ट हा शत्रू नव्हे. परंतु नीट लिहिण्याच्या भरवशावर दिलेली सवलत कंत्राटदारांनी मनमानीचा परवाना मानली. परिणामी, स्क्रिप्टवाचून कोरे राहणारे पानही आज नियमांत बसू शकते. सर्व्हरवरील श्रम नागरिकाच्या यंत्रावर ढकलले गेले. खर्च वाचला संस्थेचा, भुर्दंड पडला गरिबावर. मालकाचा बोजा ग्राहकाच्या शिरावर देण्याची ही जुनीच रीत आहे.

त्यावरचा उपायही बाजाराने स्क्रिप्टचाच काढला. एक ओळ चिकटवा आणि संकेतस्थळ सुगम्य करा, अशी जाहिरात करणाऱ्या ॲक्सेसिबी कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फसव्या दाव्यांबद्दल २०२५ साली दहा लाख डॉलर भरावयास लावले. प्रमाणपत्र विकत मिळते, प्रवेश विकत मिळत नाही, हाच त्याचा बोध. स्वयंचलित तपासणीला चित्राला वर्णन जोडले आहे एवढेच कळते; ते वर्णन अर्थपूर्ण आहे की नाही, हे ऐकणाऱ्या माणसालाच कळते.

म्हणून मागणी नेमकी हवी. माहिती वाचणे, अर्ज भरणे आणि पोच मिळणे ही तीन कामे सार्वजनिक संकेतस्थळांवर स्क्रिप्टवाचूनही झाली पाहिजेत. स्क्रिप्टने त्यांत सोयीची भर घालावी. अंध वापरकर्त्यांकडून चाचणी करून घेण्याचे निर्देश न्यायालयाने २०२५च्या निकालात दिलेलेच आहेत. त्या चाचणीवाचून कंत्राटाचे देयक चुकते होऊ नये. कागदी अर्जाची खिडकी बंद होता कामा नये. कायद्याच्या ८९व्या कलमात पहिल्या भंगासाठी दहा हजारांपर्यंत आणि पुढील भंगांसाठी पाच लाखांपर्यंत दंड आहे; त्याचा वापर झाला पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील अंध बांधव-भगिनींसोबत बसून एकेक सरकारी अर्ज भरून पाहावा, कुठे अडले ते लिहून काढावे आणि त्या नोंदी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांपुढे ठेवाव्यात. रस्ता, पाणी, रेशन यांसाठी मोर्चे निघाले, तेव्हा तेही हक्काचेच प्रश्न होते. आज रेशनचा अर्जही पडद्यावरून जातो. तो पडदा ज्याला ओलांडता येत नाही, त्याच्या लेखी बाकीचे सारे हक्क स्थगितच राहतात.