शीव ओलांडली, देश नाही

मी शरणार्थी आहे का? लंडनात इमिग्रेशनच्या वकिलाला हेच विचारलं. त्यानं १९५१चा जिनिव्हा करार पुढं सरकवला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत, यांपैकी एका कारणानं छळाची भीती पाहिजे, आणि माणूस स्वदेशाबाहेर पाहिजे. म्हटलं, जात चौथ्यात बसवा. घ्या लिहून.

मी बिलोलीकडचा. २७ जुलै १९७८ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आन् आमच्या वस्त्या पेटल्या. तालुक्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना जाळून मारलं. माझा बाप रातोरात नांदेडला पळाला. गेल्या साली त्याच्या जागेवर घर बांधायला गेलो, तर मलाही तीच धमकी.

वकील म्हणाला, "बाप नांदेडात जगला ना? देशातच दुसरीकडं निर्धोक राहता येत असेल तर अर्ज फेटाळतात."

म्हणजे बघा! देशाची हद्द ओलांडली तो शरणार्थी. गावाची शीव ओलांडली तो नुसता पळालेला. आम्हाला हुसकायला पासपोर्ट लागत नाही, चावडीवरची एक हाळी पुरते.

जीव वाचवायला कुणी बाहेर आसरा मागितला तर त्याला भेकड म्हणू नका. पण १९८९च्या ॲट्रॉसिटी कायद्यात आम्हाला घर, गाव सोडायला लावणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. तो कागद किती ठाण्यांत उघडला? गाव सोडलेल्या एकेकाला हाताला धरून न्या, फिर्याद नोंदवून घ्या.

आम्ही का म्हणून निर्वासित व्हायचं? गाव आमच्याबी बापाचं आहे!